घोंगड्याखालचा रंगराव

रंगराव ड्रायव्हरची मला किळस यायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्याच्या कसबाबद्दल चार शब्द लिहावे लागणार आहेत आणि ते वाचून मी विरघळलो असं कुणाला वाटायला नको. आज इतकी वर्षं झाली, तरी कुठं क्रूड तेलाचा वास आला की मला आधी त्याचं तोंड दिसतं. तंबाखूनं काळे पडलेले दात, ओठांच्या कोपऱ्यांत वाळलेले ओघळ, आणि वरच्या ओठावर तेलाची तपकिरी मिशी. त्याखाली खरी मिशीही होती, पण ती निराळी म्हणून कधी दिसली नाही.

सदतीस-अडतीस सालची गोष्ट. मी नुकताच बी.ए. होऊन जळोचीला परत आलो होतो. माझे वडील गुऱ्हाळावर गुळव्या होते. काहिलीतल्या रसाचा रंग आणि फेस बघून काहील कधी उतरवायची ते सांगणारा माणूस. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण मंदीच्या दिवसांत पदवीला कुणी विचारत नव्हतं. बारामतीच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याकडं लॉरीबरोबर हिंडणाऱ्या कारकुनाची जागा मिळाली, ती मी मुकाट्यानं घेतली. इंदापुराकडच्या गुऱ्हाळांवर ढेपा मोजून घ्यायच्या, रात्री इंदापुरात मुक्काम करायचा, पहाटे निघून माल बारामतीच्या पेठेत उतरवायचा. लॉरी चालवायचा रंगराव. म्हणजे पुढच्या बाकावर रोज सहा-सात तास त्याच्या मांडीला मांडी.

ती लॉरी क्रूडवर चालायची. आज आपण जिला डिझेलची म्हणतो ती. आमच्या दोन तालुक्यांत तेव्हा तशी एकच होती. बाकी सगळ्या मोटारी पेट्रोलच्या. कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेली ही लॉरी मालकांनी पुण्याहून आणली आणि नवरीबरोबर पाठराखीण येते तसा रंगराव तिच्याबरोबर आला. मूळचा लोणी भापकरचा, पण सात वर्षं मुंबईत एका उस्तादाच्या हाताखाली काढलेली. लॉरीला तो 'बया' म्हणायचा. मला 'बीएराव' म्हणायचा, आणि त्यातला 'राव' असा ओढायचा की कॉलेजात घालवलेली चार वर्षं मला फुकट वाटावीत.

सकाळी त्याचं पहिलं काम रबराची नळी तोंडात धरण्याचं. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं ओठांत. गाल आत ओढून तो तेल चोखायचा, तोंडात आलं की गुळणी करून थुंकायचा आणि नळी डब्यात सोडायचा. विचारलं तर म्हणायचा, तेलाची चव बघावी लागते, शिळं तेल बयेला सोसत नाही. मग हात डोक्याला पुसायचा. केसांना त्यानं कधी निराळं तेल लावलं नाही आणि त्याची त्याला ऐट होती. त्याच हातानं भाकरी मोडायचा. भाकरीच्या पांढऱ्या पापुद्र्यावर त्याच्या अंगठ्याचे काळे शिक्के उमटायचे आणि ते तो चवीनं खायचा. एकदा त्यानं अर्धी भाकरी माझ्यापुढं केली. मी उपास आहे म्हणालो. वार कुठला म्हणून त्यानं विचारलं नाही. नुसता हसला आणि तो तुकडाही तोंडात टाकला.

चालत्या लॉरीतून थुंकताना तो वारा बघायचा नाही. माझी बाजू वाऱ्याखाली आली की मी डोळे मिटून घ्यायचो.

आता त्या घोंगड्याचं सांगतो. पेट्रोलची मोटार तेल संपून थांबली तर डबा ओतायचा, हँडल मारायचं, चालू लागायचं. क्रूडच्या लॉरीचं तसं नव्हतं. टाकी कोरडी पडली की तेलाच्या नळ्यांत हवा शिरते. ती हवा बाहेर काढल्याखेरीज वरून टाकी काठोकाठ भरली तरी इंजिन दाद देत नाही. नुसतं घरघरत राहतं, आणि बटण दाबत बसलं तर बॅटरीही बसते. हे मी आता सांगतोय. तेव्हा आमच्या भागात ही गोष्ट एकट्या रंगरावाला ठाऊक होती आणि त्यानं ती घोंगड्याखाली झाकून ठेवली होती.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात लॉरी कालव्याच्या कडेला एका वस्तीजवळ धापा टाकत थांबली. माणसं जमली. रंगराव उतरला, लॉरीभोवती एक फेरी घातली, बॉनेटवर हात ठेवून कान दिला आणि मान हलवली. त्यानं काही मागितलं नाही, पण वस्तीवरच्या एकानं आपण होऊन नारळ आणला. म्हणजे हे पूर्वीही झालेलं होतं. मागं बांधलेला तेलाचा डबा त्यानं टाकीत ओतला, बॉनेट उघडलं, आणि फोटो काढणारे काळ्या कापडात डोकं घालतात तसं घोंगडं डोक्यावरून पार इंजिनावर पांघरलं. घोंगड्यातून आवाज आला, "पाठी फिरवा. पोट उघडं टाकलंय तिचं. लाजंची हाय."

आणि सगळी वस्ती फिरली. साठीचा एक फेटेवाला म्हातारा होता, तोही काठी टेकत सावकाश फिरला. आमचे दोन हमाल ढेपांवर बसले होते, ते बसल्या जागी फिरले. मीही फिरलो. मागून पान्याचा खुटखुट आवाज, काहीतरी फुसफुसल्याचा, मग थुंकल्याचा. पाऊण तासानं इंजिन धडधडलं. एका बाईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि रंगराव शेजारीच उभा होता म्हणून त्यालाही लावलं. त्यानं लावून घेतलं. मग आत जाऊन कोंबडं खाल्लं. रस्सा मनगटापर्यंत ओघळत होता आणि तेलाच्या रेघेला जाऊन मिळत होता.

शिकायला क्लीनर म्हणून येत ते टिकत नसत. त्यांनाही पाठ फिरवून उभं राहावं लागे. बारामतीच्या पेठेत कासमभाई म्हणून एक लोहारकाम करणारे गृहस्थ होते. विहिरीवर पाणी ओढायची क्रूडची इंजिनं नुकती येऊ लागली होती आणि ती बंद पडली की शेतकरी त्यांच्याकडं धावायचे. त्यांनी रंगरावाला दुकानात बसवून अदबीनं चहा पाजला आणि विचारलं, "उस्ताद, तेल संपल्यावर काय करता तेवढं सांगा. दोघं मिळून करू." रंगरावानं बशीतला चहा आवाज करत संपवला, नाक शिंकरून हात त्यांच्याच ऐरणीला पुसला आणि म्हणाला, "सात वर्षं माजं पाय दाबा. मग सांगतो." तो गेल्यावर कासमभाईंनी ऐरण धुतली.

पुढं एका दुपारी बाकाखाली त्याच्या भाकरीचं फडकं पडलं होतं. चटणी गुंडाळलेला कागद छापील इंग्रजी दिसला म्हणून मी उचलला. लॉरीबरोबर आलेलं कंपनीचं माहितीपुस्तक होतं ते. निम्मी पानं चटणीत आणि तंबाखूत गेलेली, उरलेली तेलानं काचेसारखी झालेली. टाकी रिकामी झाल्यास काय करावं, हे एका पानावर चार कलमांत लिहिलं होतं. टाकी भरा. तेल गाळायच्या भांड्यावरचा स्क्रू सैल करून बाजूचा छोटा दांडा वरखाली करा. फेस जाऊन नितळ तेल आलं की आवळा. मग पंपावरच्या स्क्रूचं तसंच. शेवटी वरच्या नळ्यांची नटं सैल करून इंजिन फिरवा, तेल उडालं की आवळा. बस. नारळ नाही, घोंगडं नाही, लाज नाही.

त्याच क्षणी सकाळच्या चोखण्याचाही उलगडा झाला. तो चव बघत नव्हता. टाकीतलं तेल काढून घेत होता. लॉरी जिथं थांबायला हवी तिथं थांबेल एवढंच आत ठेवत होता. आणि त्याचा अंदाज फर्लांगानंही चुकत नसे. जिथं जत्रा, जिथं बारसं, जिथं कुणी नवस फेडतंय, तिथं बया रुसायची. एवढं कसब देवानं या तोंडात कशाला घातलं, असं मला वाटलं.

मी पान घेऊन त्याच्यासमोर गेलो आणि मला सगळं कळलंय म्हणालो. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद हातात घेऊन उलटा-सुलटा केला, आणि मग कमरेचा पाना काढून माझ्यापुढं धरला. पान्याच्या मुठीवर काळा चिकट थर होता, त्यात तंबाखूची काडी रुतलेली.

"वाचलंत न्हवं? आता घाला हात."

मी पाना घेतला नाही. तो समाधानानं हसला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आपली गोष्ट सांगितली. मुंबईचा उस्ताद नेमक्या वेळी त्याला चहा आणायला धाडायचा, नाहीतर भिंतीकडं तोंड करून उभं करायचा. सात वर्षं. शेवटी समोरच्या न्हाव्याच्या आरशात बघून तो हे शिकला होता. त्याची मला कीव यायला हवी होती. तो हे सांगत असताना कानात सायकलची तार घालून मळ काढत होता.

पानाची घडी घालून मी ते खिशात ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही.

वरकुट्याच्या फाट्यावरून गोदाकाकू कधीमधी लॉरीत चढायची. विधवा बाई, चाळिशीची, कालव्याखाली दीड एकर रान एकटीनं करणारी, हंगामात गुऱ्हाळावर मजुरीला जाणारी. धाकटा दीर ते रान आपलं म्हणत होता. भाऊ-भाऊ आम्ही वेगळे झालोच नव्हतो, असं त्याचं म्हणणं. वाटणी झाली होती आणि नवरा वेगळा राहत होता, असं काकूचं. बारामतीच्या कोर्टात तिची जबानी व्हायची होती. पहिल्या तारखेला ती तापानं पडली होती. प्रवाशांची सर्व्हिस मोटार बारामतीला दुपारी पोचायची, म्हणून दुसऱ्या तारखेला ती पहाटे आमच्या लॉरीत येऊन बसली.

त्या दिवशी लॉरी कालव्याच्या पुलापलीकडं एका वस्तीवर थांबली आणि तीन तास हलली नाही. माझ्या खिशात ते पान होतं. मी लिंबाखाली वर्तमानपत्र वाचत बसलो. काकू कालव्याच्या भरावावर गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. बारामतीला पोचलो तेव्हा तिचा पुकारा होऊन गेला होता. ती रडली वगैरे नाही. परत आली, पाय धुतले आणि मला म्हणाली, पुढच्या वक्ताला न्हाय गेले तर एकतर्फी निकाल हुईल म्हनं. रान गेलं मग. एवढं सांगून, लॉरी माघारी कधी जाणार ते विचारलं.

मी तिला वेळ सांगितली. दुसरं काही बोललो नाही. उगीच पुस्तकी ज्ञान पाजळण्यात अर्थ नाही, मालकांचा ड्रायव्हर आहे, त्याचं त्याला माहीत, असं मी मनात घोळवलं. खरं एवढंच होतं की त्या माणसाचे हात जिथं जिथं लागले होते तिथं मला माझे हात लावायचे नव्हते.

तिसऱ्या तारखेच्या पहाटे रंगराव नेहमीपेक्षा जास्त वेळ नळी चोखत होता. मी बघितलं. फाट्यावर काकू चढली, नवं लुगडं नेसून, आणि हमालांच्या शेजारी ढेपांवर बसली. लॉरी पूल ओलांडून त्याच वस्तीजवळ आली, खोकली आणि थांबली. सूर्य कासराभर वर आला होता. वस्तीवरून मटणाचा वास येत होता.

काकू वरूनच म्हणाली, "ही वस्ती आमच्या दिराच्या सासऱ्याची हाय."

रागानं म्हणाली नाही. रस्ता दाखवावा तसं म्हणाली. रंगराव ऐकून न ऐकल्यासारखा लॉरीभोवती फेरी घालत होता. त्यानं बॉनेट उघडलं, घोंगडं पांघरलं, आणि लगेच डोकं बाहेर काढून जाहीर केलं की बया आज फार रुसलीय, जेवून आल्याखेरीज हात लावणार नाही. मी पुढं झालो. बाईची शेवटची तारीख आहे, अकराच्या आत पोचायला हवं, रान जाईल तिचं, असं सांगितलं.

"बीएराव, कोर्टाला पाय न्हाईत. हितंच ऱ्हातंय," तो म्हणाला, आणि धोतराला हात पुसत वस्तीकडं चालू लागला. पाने, पेचकस, घोंगडं सगळं तिथंच टाकून गेला. देव्हाऱ्यातल्या वस्तूला कुणी हात लावत नाही, तसा त्याला भरवसा होता. आणि तो खोटा नव्हता. मी वर बघितलं तर दोन्ही हमाल पाठ फिरवून बसले होते. घोंगड्याखाली माणूस नव्हता, तरी फिरले होते.

काकू खाली उतरली. "दादा, हिला काय झालंय ते तुमास्नी ठावं हाय का?"

माझ्या तोंडून खरं निघालं. "हवा शिरलीय."

"मग काडा की."

मी खिशातून पान काढलं. तिनं पानाकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, आणि परटाकडून आलेल्या माझ्या धोतराकडं बघितलं. पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "तुमी वाचा. हात माजं."

मग त्या बाईनं क्रूडचा डबा उचलून टाकीत ओतला. घोंगडं ओढून धुळीत टाकलं. मी एक हात लांब उभा राहून वाचत होतो, हे भांडं, हा स्क्रू, हा दांडा, आणि ती बोट ठेवून मान हलवत होती. स्क्रू सैल झाला. तिनं दांडा वरखाली केला तसा फुसफुसत फेस आला, तिच्या बोटांवरून खाली ओघळला, नव्या लुगड्यावर पडला. फेस जाईपर्यंत थांबायचं, असं मी वाचून सांगायला लागलो.

"ते मला सांगू नगा," ती म्हणाली. "काहिलीवर रोज बगते मी. फेस मोडला की कळतंय."

माझ्या वडिलांचंच काम होतं ते. मला ते पान वाचताना सुचलं नव्हतं.

फेस मोडला. नितळ तेल आलं. तिनं स्क्रू आवळला. पंपाचं तसंच केलं. वरच्या नळ्यांची नटं सोडायला तिला जोर लागला, एकदा पाना सटकून हाताची साल गेली. मग मी आत चढून बटण दाबलं. साऱ्या कामात माझा हात तेवढ्या स्वच्छ बटणाला लागला. तेलाची चिळकांडी तिच्या गालावर आणि कपाळावर उडाली. तिनं डोळेसुद्धा न पुसता नटं आवळली आणि हात हलवून खूण केली. मी पुन्हा बटण दाबलं. इंजिनानं दोन आचके दिले, पांढरा धूर सोडला आणि धडधडू लागलं.

हमाल अजून पाठमोरे होते. एकानं न वळताच विचारलं, "झालं का रंगराव?"

रंगराव धावत आला तो नळीचं हाडूक हातात घेऊन. मागं वस्तीवरची माणसं. तो थांबला. धुळीतलं घोंगडं बघितलं, काकूचे कोपरापर्यंत काळे हात बघितले, माझ्या हातातला कागद बघितला. एरवी पाठ फिरवून उभी राहणारी वस्ती आता इंजिनाकडं तोंड करून उभी होती आणि आत डोकावत होती. बॉनेट उघडंच होतं. बघण्यासारखं काही नव्हतं. लोखंड, नळ्या आणि तेल.

त्यानं हाडूक फेकलं. माझ्याजवळ आला, आणि रश्श्यानं आणि तेलानं माखलेला उजवा हात माझ्या छातीवर, पांढऱ्या सदऱ्यावर, सावकाश पुसला. पाची बोटं. बॉनेट आपटून बंद केलं आणि चाकावर बसला.

त्याला नाही म्हणता आलं असतं. लॉरी मला चालवता येत नव्हती, काकूला येत नव्हती. पण ती त्याच्याशिवाय सुरू झालेली सगळ्यांनी बघितली होती, आणि निदान चालवायला तरी तोच लागतो एवढं त्याला दाखवायचं होतं. त्यानं ती अशी हाणली की दोन ढेपा फुटल्या. कोर्टाच्या फाटकाशी लॉरी थांबायच्या आत काकूनं उडी टाकली. तिचा पुकारा चालू होता.

आत काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. दिराच्या वकिलानं नाकाला रुमाल लावून, बाईच्या अंगाला घासलेटाचा वास येतो, अशी तक्रार केली. मुन्सफांनी त्याला खिडकीशी बसायला सांगितलं. जबानी झाली. कारकुनानं अंगठ्याला शाई लावायला तिचा हात धरला, तर अंगठा आधीच काळा. तसाच उमटला. ते रान शेवटी तिच्याकडंच राहिलं.

परतीच्या वाटेवर, फाट्याच्या अलीकडं रंगरावानं विचारलं, "कवापासनं ठावं हुतं तुमास्नी?"

मी म्हणालो, दोन महिने.

त्यानं हिशेब केला. खिडकीतून थुंकला. वारा माझ्याकडं येत होता. मी डोळे मिटायला विसरलो.

"म्हंजी मागल्या तारखेला खिशात हुतं. मी कोंबड्यासाटी थांबीवली. तुमी कशासाटी?"

त्याची किळस तोपर्यंत मला सोपी होती. कपडे धुतले की जात होती. तो सदरा मात्र आईनं रिठ्यानं तीनदा धुतला, पाची बोटं तशीच राहिली. शेवटी तिनं त्याचं पोतेरं केलं.

पुढं सगळं भराभर झालं. काकूनं वरकुट्यात सांगितलं, वरकुट्यानं इंदापुरापर्यंत नेलं. फेस मोडेपर्यंत दांडा हलवायचा, एवढीच तर गोष्ट. ते पान मी मराठीत उतरवून कासमभाईंना दिलं. त्यांनी दुकानासमोर एक बाक टाकला. कुणाचं इंजिन आलं की ते भर रस्त्यात उघडायचे आणि म्हणायचे, बसा, बघा, उद्या तुमचं तुम्ही करा. मालकांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्याला तेल चोखायची सवय नव्हती आणि माझ्या वेळेत ती लॉरी पुन्हा वाटेत कोरडी पडली नाही. मला वाटलं होतं, रंगराव गेल्यावर पुढच्या बाकावर मोकळा श्वास घेता येईल. बाक तीनदा घासून घेतला. वास लाकडात मुरला होता.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. मी लॉरी सोडून शाळेत मास्तरकी धरली होती. सुट्टीत जळोचीला आलो असताना कालव्याच्या कडेनं चाललो होतो. एका मळ्यात पाण्याचं इंजिन बंद पडलं होतं आणि पाच-सहा माणसं गोळा झाली होती. मधोमध तेच घोंगडं. त्याला आता भोकं पडली होती आणि त्यांतून रंगरावाच्या डोक्याचे पांढरे केस दिसत होते.

"पाठी फिरवा," घोंगड्यातून आवाज आला.

कुणी फिरलं नाही. मळ्याचा मालक उसाचं कांडं सोलत उभा होता. तो म्हणाला, "आवो रंगराव, हवाच काडायची हाय न्हवं? काडा की. कशाला गुदमरताय उनाचं." बाकीचे हसले. एकजण वाकून घोंगड्याच्या भोकातून आत बघू लागला.

घोंगडं बाजूला झालं. त्यानं सगळ्यांकडं बघितलं आणि मग रस्त्यावर मी दिसलो. तेच तोंड. दात निम्मे गेलेले, ओठावर तीच तपकिरी रेघ, हनुवटीवरून तेल गळत होतं. मला वाटलं, आता हा शिवी देणार.

"बीएराव," तो म्हणाला, "तुमी तरी फिरा."

मी पाठ फिरवली. दया आली म्हणून नव्हे. ते तोंड मला बघवत नव्हतं, आणि माझंही त्याला बघवत नसणार. समोर कालव्याचं पाणी संथ चाललं होतं. मागं नळी चोखल्याचा आवाज आला, मग थुंकल्याचा, मग पान्याची खुटखुट. इंजिनानं पहिला आचका दिला तेव्हा मी चालू लागलो, आणि जळोचीचं वळण येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही.